इंधन सांडलेल्या पाण्यात ओर्कांवर (किलर व्हेल) नजर कशी ठेवतात? (हारो सामुद्रधुनी, २०२२)

शिडाची_होडी

१३ ऑगस्ट २०२२ ला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सॅन हुआन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत 'अल्यूशियन आइल' ही मासेमारी बोट बुडाली. माणसं वाचली. बोटीवर सुमारे २,६०० गॅलन, म्हणजे १० हजार लिटरच्या आतबाहेर डिझेल होतं. बोट तळाशी टेकली, मग उतारावरून घसरून ६० मीटरपेक्षा खोल गेली, आणि वर यायला सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडला. तोवर पाण्यावर कमीजास्त तवंग येतच होता.

जागा नेमकी हारो सामुद्रधुनीतली. 'सदर्न रेसिडेंट' ओर्का म्हणजे जे, के आणि एल हे तीन कळप. त्या वर्षीच्या १ जुलैच्या मोजणीत तिन्ही मिळून ७३ जीव, आणि हा त्यांचा उन्हाळी येण्याजाण्याचा रस्ता. चिनूक सामन माशांच्या मागे ते याच किनाऱ्याला घासून जातात.

बातम्यांत "तज्ज्ञ लक्ष ठेवून आहेत" एवढंच येतं. ते लक्ष म्हणजे प्रत्यक्षात काय, यावर हा धागा. सुरुवात मी रस्त्याच्या हिशेबाने करतो. उघड्या समुद्रातून कळप आत शिरतो तो केप फ्लॅटरी आणि निआ बे यांच्या बाजूने. तिथून सॅन हुआनच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लाइम किल्नचा दीपस्तंभ साधारण ६० ते ६५ सागरी मैल. प्रवासाच्या चालीत ओर्का ३ ते ४ नॉटने (तासाला तितके सागरी मैल) जातात, म्हणजे १५ ते २१ तास हाताशी. वाटेतल्या रेस रॉक्स खडकांपाशी दिसले तर २० मैल उरले, म्हणजे पाच ते सात तास. भरतीचं पाणी पाठीशी असेल तर त्याहून कमी. त्यामुळे पहिली खबर पश्चिमेच्या टोकाकडून यायला हवी. दीपस्तंभावरून कळप दिसला तेव्हा त्याला अडवायची वेळ टळून गेलेली असते.

बांगडा_फ्राय

दोन बाळबोध प्रश्न. एक, त्यांच्या पाठीला सॅटेलाइट टॅग लावला की घरबसल्या नकाशावर दिसतील, मग हा सगळा खटाटोप कशाला? दोन, डिझेल हलकं असतं, दोन दिवसांत उडून जातं. एवढी चिंता कशाची?

नाडीपरीक्षा

बांगडा, प्रश्न बाळबोध नाहीत.

टॅग: २०१६ च्या मार्चमध्ये एल कळपातला एल-९५ हा तरणा नर व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेला मेलेला सापडला. त्याच्या पाठीवरच्या पराच्या मुळाशी टॅगच्या काट्यांचे तुकडे राहिलेले होते आणि शरीरात बुरशीचा संसर्ग. त्यानंतर या कळपांवर टॅग लावणं थांबवलं गेलं. शिवाय तेलाच्या गोंधळात टॅग मारायचा तर बोट जवळ न्यावी लागते, भाला किंवा हवेची बंदूक लागते, आणि बुजलेला कळप कुठल्या दिशेला पळेल याची खात्री कुणी देत नाही. तवंगाच्या दिशेला पळाला तर झालंच.

डिझेल: उडून जातं हे खरं, आणि धोका त्या उडण्यातच आहे. ओर्का श्वास घेते ती पाण्याच्या पृष्ठभागाला नाक लावून, आणि एका श्वासात फुप्फुसातली ८० ते ९० टक्के हवा बदलते. बेंझिन, टोल्यूइनसारखी उडणारी द्रव्यं पहिल्या काही तासांत नेमकी त्याच थरात असतात. माणसाला वास येतो, तो मागे फिरतो. दात असलेल्या देवमाशांना, म्हणजे ओर्कांनाही, वासाचं इंद्रियच नाही. तवंग दिसला की ते आपणहून वळसा घालतील असं धरून चालू नये. १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डीझ' टँकरमधून सांडलेल्या तेलात ओर्का पोहताना फोटोत टिपल्या गेल्या होत्या.

आणि बुडालेल्या बोटीतून डिझेल एकदाच सांडून संपत नाही. टाकीच्या हवानळीतून, झाकणातून थोडं थोडं येत राहतं. बोट घसरली, कलली, की नवा हबका. "ताजं" डिझेल म्हणजे उडणाऱ्या द्रव्यांनी भरलेलं डिझेल. दहाव्या दिवशी आलेलं डिझेलही ताजंच.

ओहोटीचा_हिशेब

कळप कुठे आहे हा अर्धा प्रश्न. तवंग कुठे असेल हा दुसरा अर्धा. दोन्ही एकाच नकाशावर, एकाच वेळेला मांडले तर उपयोग.

ढोबळ नियम असा: तवंग प्रवाहाच्या पूर्ण वेगाने वाहतो, अधिक वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के. नैऋत्येचा १५ नॉट वारा असेल तर वाऱ्याचा वाटा ०.४५ नॉट, ६ तासांत २.७ मैल ईशान्येला. हारोमध्ये प्रवाह याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे नवखा माणूस वारा सोडून देतो. तिथेच चूक होते. भरती तवंगाला उत्तरेला नेते, ओहोटी बराचसा परत आणते. बारा तासांनी बेरीज केली तर वाऱ्याने ढकललेलं अंतर तसंच्या तसं उरलेलं असतं. त्यात फ्रेझर नदीच्या गोड्या पाण्यामुळे वरच्या थराची निव्वळ ओढ समुद्राकडे. म्हणून एका क्षणाचा प्रवाह बघून बाण काढू नका. पुढच्या २४ तासांचे तासातासाचे बाण जोडा. नोआ या अमेरिकी सागर-हवामान संस्थेची 'नोम' नावाची संगणकप्रणाली हेच काम नीट करते, पण तिला दिलेला वारा विमानतळावरचा असेल आणि बोट कड्याच्या आडोशाला बुडाली असेल, तर उत्तर चुकणारच.

आता तवंगाचा रंग. 'बॉन करार' नावाची रंगांची पट्टी आहे, हवाई पाहणीत तीच वापरतात. चंदेरी-करडी झाक म्हणजे ०.०४ ते ०.३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी, दर चौरस किमीला ४० ते ३०० लिटर. इंद्रधनुषी म्हणजे ०.३ ते ५ मायक्रॉन, ३०० ते ५,००० लिटर. धातूसारखी चकाकी ५ ते ५० मायक्रॉन. त्यापुढे तेलाचा स्वतःचा रंग दिसतो. १०० लिटर डिझेल चंदेरी झाक होऊन पसरलं तर ते अडीच चौरस किमीपर्यंत दिसू शकतं. म्हणून "तवंग दोन मैल लांब आहे" या वाक्याला रंगाशिवाय काही अर्थ नाही. अडीच चौरस किमी चंदेरी झाक आणि एका मैदानाएवढा धातुरंगी पट्टा यातला दुसरा जास्त वाईट.

खोटे तवंगही पुष्कळ. जिथे दोन प्रवाह भेटतात तिथे गुळगुळीत पट्टा दिसतो, त्यात केल्प या समुद्रशैवालाचे वेल, फेस, पिसं गोळा होतात. विमानातून तो हुबेहूब तेलासारखा दिसतो. दुर्दैव असं की खरं तेलही त्याच पट्ट्यात ओढलं जातं, बारीक मासेही तिथेच, आणि त्यामागे सामन. तवंग आणि कळप यांची गाठ पडायची असेल तर ती तिथे पडते. नकाशावर हे पट्टे आधीच आखून ठेवावेत.

बांगडा_फ्राय

पटलं. वासाचं इंद्रियच नाही हे माहीत नव्हतं.

कानसेन

हायड्रोफोनबद्दल (पाण्याखालचा मायक्रोफोन) लिहितो, कारण याबद्दल अवास्तव अपेक्षा फार.

लाइम किल्नच्या पाण्यात हायड्रोफोन आहे, त्या परिसरात इतरही आहेत, आणि त्यांतले काही इंटरनेटवर कुणीही ऐकू शकतं. रेसिडेंट कळपांची प्रत्येकाची बोली वेगळी. ऐकणाऱ्यांच्या यादीत हाकांना क्रमांक दिलेले आहेत: एस-१ वारंवार आली तर जे कळप, एस-१६ के कळप, एस-१९ एल कळप. एक सुटी हाक ऐकून कळप ठरवायचा नसतो, कारण कळप एकमेकांत मिसळून फिरतात. निदान दहा-पंधरा मिनिटांची ध्वनिफीत, त्यात कुठली हाक किती वेळा आली हे मोजून मगच नाव द्यायचं.

चुका इथे होतात:

ध्वनिमुद्रण सेकंदाला ४८ हजार नमुन्यांनी केलं तर २४ किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं. हाका मिळतात, पण शिकारीच्या वेळच्या टिकटिकीचा मोठा भाग त्याच्या वर असतो. तो हवा तर १९२ हजार नमुने.

इंटरनेटवरून ऐकणाऱ्याला आवाज काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत उशिरा पोचतो. ऐकणारा आपल्या घड्याळातली वेळ लिहितो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० मीटर जातो. दोन हायड्रोफोनांच्या वेळेच्या फरकावरून जागा काढायची असेल तर घड्याळातला एका सेकंदाचा घोळ म्हणजे दीड किलोमीटर. वेळ नेहमी फाइलमधली घ्यावी, मनगटावरची नाही.

एकटा हायड्रोफोन "आहेत" एवढंच सांगतो. दिशा सांगत नाही, अंतरही नाही. हाक मोठी झाली म्हणजे कळप जवळ आला असंही नाही, ती फक्त या बाजूला तोंड करून मारलेली असेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: शांतता म्हणजे रिकामं पाणी नाही. हारो हा व्हँकुव्हरला जाणाऱ्या मोठ्या जहाजांचा रस्ता. एक कंटेनर जहाज गेलं की शांत पाण्यात काही किलोमीटरवरून ऐकू येणारा कळप अर्ध्या किलोमीटरवरूनही ऐकू येत नाही. तेल गोळा करणाऱ्या बोटी तर तासन्‌तास तिथेच घुरघुरत असतात. त्यांच्याशी बोलून दर तासाला काही ठरावीक मिनिटं इंजिनं बंद ठेवता आली तर सोनं. ते नाही जमलं तर नोंदीत "ऐकू आलं नाही" हे "गोंगाट होता, ऐकू येणं शक्य नव्हतं" यापासून वेगळं लिहा. दोन्हींसाठी एकच रिकामा चौकोन ठेवणारा तक्ता फाडून टाकावा.

दुसरी शांतता बिग्जची. या पाण्यात ओर्कांचा आणखी एक समाज फिरतो, सील आणि पॉर्पॉइज खाणारा. सीलला ऐकू जातं, म्हणून शिकारीच्या वेळी ते जवळजवळ मुके असतात. हायड्रोफोन त्यांच्यापुढे बहिरा.

शिडाची_होडी

बिग्ज मुद्दा कळीचा. हल्ली उन्हाळ्यात या भागात रेसिडेंटपेक्षा बिग्जच जास्त वेळा दिसतात, आणि ते खडकाला चिकटून, सीलच्या बसायच्या जागा हुंगत (हा शब्द परत घेतो, हुंगत नाहीत) चाचपत जातात. किनाऱ्याला लागलेलं तेल नेमकं तिथेच. वर तेल माखलेला सील खाल्ला की पोटातही तेच. म्हणून "रेसिडेंट बाहेरच्या समुद्रात आहेत, आज निवांत" असं म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी डोळेच लागतात.

नाडीपरीक्षा

डोळ्यांच्या कामाबद्दल. किनाऱ्यावरच्या माणसाने काय लिहायचं, तर: वेळ (सेकंद नको, मिनिट चुकू नये), उभं राहायची जागा, होकायंत्राचा अंश, अंतर, तोंड कुठल्या दिशेला, किती, त्यात मोठे उंच पराचे नर किती, पिल्लं किती, आणि काय चाललंय: सरळ प्रवास, शोधाशोध की विश्रांती. सरळ प्रवास करणाऱ्या कळपाची पुढची जागा सांगता येते. शोधाशोध चालू असेल तर येत नाही, त्यासाठी नकाशावर बाण न काढता वर्तुळ काढा.

रेसिडेंट की बिग्ज हे फोटोवरून: रेसिडेंट मादीच्या पराचं टोक गोलसर, बिग्जचं टोकदार. परामागच्या करड्या खोगिरात काळी पोकळी शिरलेली असेल तर रेसिडेंट. बिग्जचं खोगीर भरीव आणि मोठं. फोटो काटकोनातून, पर आणि खोगीर दोन्ही येतील असा, आणि जमल्यास डाव्या बाजूचा. दोन्ही बाजूंची खोगिरं सारखी नसतात आणि जुन्या याद्यांत डावी बाजू जास्त आहे.

अंतर डोळ्याने सांगू नये. पाण्यावरचं अंतर माणूस बेधडक चुकवतो.

ओहोटीचा_हिशेब

अंतरासाठी खुणांची दुर्बीण वापरा, ७ बाय ५० ची, आत आडव्या रेघा असलेली. क्षितिज वरच्या रेघेवर ठेवायचं आणि पर कितव्या रेघेवर आला ते वाचायचं. समजा डोळा पाण्यापासून २० मीटर उंच आहे आणि दुर्बिणीची एक रेघ ५ मिलिरेडियनची (कोन मोजायचं एकक) आहे. पर एक रेघ खाली दिसला तर तो सुमारे २.८ किमीवर. ६ किमीवर तोच फरक पाऊण रेघेने घटून जेमतेम पाव रेघ उरतो, आणि हात थरथरला तरी तेवढा होतो. त्यापुढचे आकडे लिहूच नयेत, "लांब, दिशा अमुक" पुरे.

दोन सापळे. पहिला, उंची नकाशावरून घेतात आणि भरती-ओहोटी विसरतात. अंतर उंचीच्या प्रमाणात बदलतं. पाणी दीड मीटर खाली गेलं आणि तुम्ही २०च धरले तर ७ टक्क्यांहून जास्त चूक. दूरच्या कळपाला चालतं, तवंगाच्या कडेशी आलेल्याला नाही. दुसरा, लाइम किल्नवरून पश्चिमेला जी रेघ दिसते ती क्षितिजाची नसते, सुमारे ११ किमीवरच्या व्हँकुव्हर बेटाचा किनारा असतो. २० मीटर उंचीवरून खरं क्षितिज १६ किमीवर. जवळच्या कळपाला फरक नगण्य, दूरच्याला तो वाचनाचा मोठा हिस्सा खातो.

खाडीपल्याड

छान धागा. हाकलण्याबद्दल कुणीतरी लिहा. पाईप बडवतात म्हणे?

शिडाची_होडी

होय, 'ओइकोमी' पाईप. शब्द जपानी, तिथे डॉल्फिन किनाऱ्याकडे हाकायची ही जुनी पद्धत. पोकळ धातूचा पाईप, माणसाच्या उंचीपेक्षा लांब, बोटीच्या कडेवरून उभा पाण्यात सोडायचा आणि वर राहिलेल्या टोकावर हातोडा मारायचा. पाण्याखाली घंटेसारखा आवाज जातो. एक बोट बिनकामाची. चार-सहा बोटी ओळीत, तवंग आणि कळप यांच्या मध्ये, म्हणजे आवाजाची भिंत उभी राहते. १९९४ मध्ये अलास्कातल्या बार्न्स लेकमध्ये अडकलेल्या ओर्कांना बाहेर काढायला हेच वापरलं होतं. २०२२ मध्येही ते तयारीत ठेवलेलं होतं.

बिघडतं ते असं. कळप आधीच तवंगात असेल आणि मागून बडवलं तर तो खोल बुडी मारून कुठेही निघतो. आई आणि पिल्लू वेगळे पडू शकतात. ओळीच्या बाहेरच्या बाजूला खडक असेल तर आवाज परावर्तित होऊन दिशा हरवते. आणि दोन-तीन वेळा बडवून काही झालं नाही की जनावर सरावतं. म्हणून आधी फक्त बोटी, मग पाईप, आणि मोठे धडाके अगदी नाइलाज झाल्यावर. सुरू करायचा आदेश सरकारी पथकच देतं. अधिकृत परवानगीशिवाय हे करणं तिथे गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. तसंच बघ्या बोटींचं. तेव्हा राज्याचा नियम सदर्न रेसिडेंटपासून बाजूने ३०० यार्ड आणि पुढून-मागून ४०० यार्ड अंतराचा होता, जानेवारी २०२५ पासून तो सगळीकडून १,००० यार्ड झाला. "मी मदतीला आलोय" ही सबब चालत नाही.

कानसेन

पुरवणी: पाईप चालू असताना हायड्रोफोनवर दुसरं काही ऐकू येत नाही. बडवायची सुरुवात आणि शेवट नोंदवा, नाहीतर नंतर फीत तपासणारा डोकं फोडून घेईल.

नाडीपरीक्षा

तेल गेल्यावरचं काम सगळ्यांत दुर्लक्षित. बातम्या थांबतात तेव्हा ते सुरू होतं.

सगळ्या कण्यावाल्या प्राण्यांप्रमाणे ओर्काचं यकृत तेलातली अरोमॅटिक द्रव्यं लवकर फोडतं. काही आठवड्यांनी चरबीचा नमुना घेऊन "सापडलं नाही" म्हणजे "लागलं नव्हतं" असं होत नाही. म्हणून शरीरयष्टी बघतात: ड्रोनमधून, वरून, डोक्यामागे चरबीचा खळगा पडलाय का. ड्रोनलाही परवाना लागतो. विष्ठेचे नमुने बोटीवर बसलेला कुत्रा वासावरून शोधतो, हे तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. मात्र तवंगाच्या आसपास कुत्रा न्यायचा नाही, वाफ त्याच्याही नाकात जाते.

पण खरं उत्तर मिळतं ते हजेरीतून. रेसिडेंट ओर्का जन्मभर आईच्या गटात राहते. आई, भावंडं दिसली आणि ती दिसली नाही, पुन्हा दिसली नाही, तर ती मेलेली धरतात. 'एक्सॉन व्हाल्डीझ'नंतर अलास्कातल्या एबी कळपाचे ३६ पैकी ३३ टक्के आणि एटी-१ गटाचे २२ पैकी ४१ टक्के जीव वर्षभरात गेले. हे कळलं कारण त्या कळपांचे फोटो अपघाताच्या आधीपासून काढले जात होते. बहुतेकांची प्रेतं मिळालीच नाहीत. एटी-१ मध्ये १९८४ नंतर पिल्लू जन्मलेलं नाही.

ओहोटीचा_हिशेब

कॅनडातलं रॉब्सन बाइटही इथे नोंदवायला हवं. २० ऑगस्ट २००७, जॉन्स्टोन सामुद्रधुनी. बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) कलली आणि वाहनं समुद्रात गेली, त्यात १० हजार लिटर डिझेलचा टँकर. नॉर्दर्न रेसिडेंट ओर्का अंग घासायला येतात त्या गोट्यांच्या किनाऱ्याशेजारी. तवंग उठला, विरला, आणि विषय संपला असं वाटलं. टँकर ३५० मीटरवर तळाशीच होता. २००९ मध्ये काढला तेव्हा डिझेल अजून आत होतं. तवंग दिसेनासा झाला म्हणून पहारा उठवायचा की टाकी रिकामी झाल्यावर, हा निर्णय तिथे शिकण्यासारखा.

खाडीपल्याड

अवांतर वाटलं तर क्षमस्व, पण आपल्याकडे? ओर्का कोकणात क्वचित, पण गादे (किनाऱ्यालगतचे डॉल्फिन) बारमाही. मे २०२५ मध्ये केरळजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं तेव्हा त्याच्यावर ८४ टन डिझेल आणि ३६७ टन फर्नेस ऑइल होतं. असंच वेंगुर्ल्यासमोर झालं तर यातलं काय चालेल?

ओहोटीचा_हिशेब

३ टक्क्यांचा नियम तसाच. पावसाळ्यात २५ नॉटचा पश्चिमेचा वारा म्हणजे पाऊण नॉट, सरळ किनाऱ्याकडे. १५ मैलांवरचं तेल वीस तासांत वाळूवर. गादा खाडीच्या तोंडाशी आणि उथळ पाण्यात असतो, म्हणजे त्याच वाटेवर. मात्र फर्नेस ऑइल डिझेलसारखं उडत नाही. त्याला रंगांची पट्टी लावून लिटर काढू नका, जाड थरात ती फसते.

कानसेन

हायड्रोफोन लावायचा तर एक अडचण हारोमध्ये नाही, ती इथे आहे: चटचट वाजणाऱ्या कोळंब्या. उबदार पाण्यात खडकाजवळ त्यांचा आवाज कढईत मोहरी तडतडावी तसा अखंड चालू असतो, आणि नेमका डॉल्फिनच्या शिट्ट्यांच्या पट्टीत. त्यामुळे हायड्रोफोन खडकापासून लांब, वाळूच्या तळावर, तळापासून दोनेक मीटर वर तरंगता ठेवा, वरून गोळा आणि खालून वजन बांधून. दोरीला बोटीची साखळी लावू नका, तिचा खडखडाट प्रत्येक लाटेला फितीत येतो. आणि जाळ्यांच्या हंगामात जागा आधी गावच्या तांडेलांना दाखवून घ्या. नाहीतर तिसऱ्या दिवशी हायड्रोफोन कुणाच्या तरी जाळ्यात.

खाडीपल्याड

धन्यवाद. तांडेलांना नोंदीचा तक्ताही देता येईल का? पहाटे सगळ्यात आधी तेच पाण्यावर असतात.

नाडीपरीक्षा

जरूर, पण तक्ता छोटा करा: वेळ, जीपीएसचा आकडा, किती, पिल्लू आहे का, तेलाचा वास येतोय का. शेवटचा रकाना सोडू नका. गाद्याला जो वास येत नाही तो तांडेलाला येतो. वास आला तर बोट वाऱ्याच्या वरच्या बाजूला काढायची, आणि मगच लिहायचं.